निकाल ठरलेला, पाठ खरी

गेल्या अंकात अमेरिकेच्या डब्ल्यूडब्ल्यूई या कुस्ती कंपनीचा तारा जॉन सीना याच्या शेवटच्या लढतीबद्दल मी चार ओळी लिहिल्या आणि या सदराला येतात त्याच्या दुप्पट पत्रं आली. एरवी गुडघे, कंबर, खांदे यांबद्दल विचारणारे वाचक या वेळी अमेरिकेतल्या कुस्तीबद्दल विचारताहेत. मी कोल्हापुरात फिजिओथेरपिस्ट आहे, पैलवानाची मुलगी आहे आणि केबल घरात आली त्या दिवसापासून ही कुस्ती बघते आहे. म्हणून हा महिना या पत्रांना.

प्रश्न : नातू रोज नेटफ्लिक्सवर ती डब्ल्यूडब्ल्यूईची कुस्ती लावून बसतो. मी हयातभर खासबागेत निकाली कुस्त्या पाहिल्या. ही तर उघड उघड नुरा कुस्ती. पोराला खोटं कशाला बघू द्यायचं? — निवृत्त शिक्षक, मिरज

आजोबा, नमस्कार. तुमचा राग मला घरचा वाटला, कारण माझे वडीलही हेच म्हणायचे. पण नुरा कुस्ती म्हणजे काय? दोघांनी आतून ठरवायचं आणि तिकीट काढून आलेल्या माणसाला ती निकाली म्हणून विकायची. पाप त्या विकण्यात आहे. या कंपनीने ते १९८९ मध्ये कागदोपत्री सोडलं. न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे त्यांनी सांगून टाकलं की आमचे निकाल ठरलेले असतात, हे मनोरंजन आहे. हेतू काही उदात्त नव्हता. खेळ म्हटला की राज्याच्या क्रीडा आयोगाचे नियम आणि पैसे मागे लागत, ते चुकवायचे होते. पण तेव्हापासून बघणारा जाणून बघतो. वगातला राजा खरा राजा नाही हे ठाऊक असूनही आपण रात्रभर फडात बसतोच.

ठरलेला असतो तो निकाल. पडणं ठरवून खोटं करता येत नाही. त्यांच्या रिंगणाखाली लोखंडी चौकट असते, तिच्यावर लाकडी फळ्या, वर फोमचा पातळ थर आणि ताणलेलं कॅनव्हास. तांबड्या मातीत ताक, तेल, हळद घालून आपण ती मऊ ठेवतो, तसं तिथे काही नाही. पाठीवर पडताना हनुवटी छातीला चिकटवायची, दोन्ही हात सपाट आपटायचे, म्हणजे धक्का पाठभर वाटला जातो. याला ते बंप म्हणतात. एका रात्री असे दहा-पंधरा, आठवड्यातून दोन-तीन रात्री, वीस वर्षं. त्यानंतर कमरेच्या मणक्यांमधल्या चकत्यांचं काय होतं ते मला वेगळं सांगायला नको, मी तेच रोज बघते.

वडिलांची एक गोष्ट सांगते. १९९८ च्या जूनमध्ये पिट्सबर्गला मिक फोली सुमारे १६ फूट उंच पिंजऱ्याच्या टपावरून खालच्या टेबलावर कोसळला. फेकणारा अंडरटेकर होता. केबलवर ती लढत लागली तेव्हा वडील पेपर वाचत होते. पेपर बाजूला ठेवून ते उभे राहिले. फोलीला स्ट्रेचरवर घातलं, तो उतरला, परत वर चढला आणि मग छताची जाळी फाटून पुन्हा रिंगणात आदळला. वडील खोटं-बिटं काही म्हणाले नाहीत. बराच वेळ गप्प राहून त्यांनी विचारलं, "ह्याच्या घरचं कोण बघतंय गं?"

नातवाला बघू द्या. फक्त गादीवर धाकट्या भावाला उचलून आपटायचं नाही, हे रोज बजावा. आणि एका रविवारी त्याला तुमच्यासोबत एखाद्या मैदानाला न्या. हलगी कडाडली की त्याला दोन्हीतला फरक तुमच्याआधी कळेल.

प्रश्न : ताई, मित्रांत रोज वाद होतो. डब्ल्यूडब्ल्यूई चांगली की एईडब्ल्यू? तुमचं मत स्पष्ट सांगा, दोन्ही बाजू नकोत. — आयटीतला वाचक, पुणे

स्पष्ट सांगते. शो कोणाचा भारी, यावर मी वाद घालत नाही. माझ्याकडे माप एकच आहे, वडिलांनी विचारलं ते. पडलेल्याच्या घरचं कोण बघतं?

त्या मापावर अमेरिकेतल्या या दोन्ही कुस्ती कंपन्या कमी पडतात आणि डब्ल्यूडब्ल्यूईचा दोष जुना आहे. तिथले पैलवान कंपनीचे नोकर नाहीत, कागदावर ते स्वतंत्र कंत्राटदार. रिंगणात मोडलेल्या हाडाची शस्त्रक्रिया कंपनी करते, पण बाकीचा आरोग्य विमा ज्याने त्याने काढायचा. कंत्राटदार म्हणायचं आणि कुठे जायचं, काय घालायचं, दुसरीकडे लढायचं की नाही हे सगळं आपण ठरवायचं! १९८६ मध्ये तिथल्या जेसी व्हेंचुराने पैलवानांची संघटना बांधायचा विषय काढला, तो विषय तिथेच मेला. २०२० च्या नोव्हेंबरात झेलिना वेगाने संघटनेला आपला पाठिंबा आहे असं ट्विटरवर लिहिलं, त्याच दिवशी तिला काढल्याची बातमी आली. त्याच वर्षी १५ एप्रिलला, कोविड ऐन भरात असताना, एका दिवसात कितीतरी पैलवान, प्रशिक्षक आणि पडद्यामागची माणसं घरी पाठवली. आणि त्या वर्षीचं कंपनीचं उत्पन्न ९७ कोटी डॉलरच्या वर गेलं, तोवरचं सर्वांत जास्त. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की मला आजही चीड येते.

ओवेन हार्टचं नाव तुमच्या मित्रांना माहीत असेलच. २३ मे १९९९, कॅन्सस सिटी. छतावरून दोरीने उतरायचं नाटक होतं, कडी सुटली आणि तो सुमारे ७८ फूट खाली रिंगणात पडला. तो गेला आणि कार्यक्रम पुढे चालू राहिला. त्याच्या बायकोने खटला भरला, १ कोटी ८० लाख डॉलरवर तडजोड झाली. पैशाचं मला नवल नाही. त्याच रिंगणात, त्याच फळ्यांवर पुढची जोडी लढायला उतरली, हे मी अजून पचवू शकलेले नाही.

मग एईडब्ल्यू? २०१९ च्या आरंभी टोनी खान याने कोडी रोड्स, यंग बक्स, केनी ओमेगा यांना घेऊन ती काढली. तिथेही बहुतेक पैलवान कंत्राटीच आहेत. तिथली मोकळीक मला आवडते, पण त्या मोकळिकीच्या नावाखाली जे चालतं ते पाहवत नाही. २०२४ च्या मार्चमध्ये जुना पैलवान स्टिंग याच्या निरोपाच्या लढतीत डार्बी अॅलिन शिडीवरून काचेवर झेपावला आणि त्याची पाठ रक्ताने भरली. हे थांबवणारा माणूस कंपनीत असायला हवा. टोनी खान स्वतः जुना चाहता आहे, आणि माझ्या मते तीच अडचण आहे. चाहत्याला "पुरे" म्हणता येत नाही.

तरीही एईडब्ल्यू टिकावी असं मला मनापासून वाटतं. २००१ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफने, म्हणजे तेव्हाच्या डब्ल्यूडब्ल्यूईने, डब्ल्यूसीडब्ल्यू ही प्रतिस्पर्धी कंपनी विकत घेतली आणि पुढची अठरा वर्षं अमेरिकेत मोठं दार एकच उरलं. मालकाचं पटलं नाही तर जपानला जा, नाहीतर शाळांच्या जिममध्ये दोनशे माणसांपुढे लढा. आता कोडी रोड्सकडे बघा. डब्ल्यूडब्ल्यूईत त्याला रंग फासून विदूषकासारखं उभं केलं होतं. २०१६ मध्ये तो बाहेर पडला, दुसरं दार स्वतः बांधलं, २०२२ मध्ये परत आला आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये फिलाडेल्फियात रोमन रेन्सची १३१६ दिवसांची राजवट संपवून विजेता झाला. दुसरं दार नसतं तर ही किंमत त्याला कोणी दिली असती? सीएम पंकही त्याच दाराने सात वर्षांनी कुस्तीत परतला. तिथे भांडला, २०२३ च्या सप्टेंबरात काढला गेला आणि नोव्हेंबरात शिकागोमध्ये पुन्हा डब्ल्यूडब्ल्यूईत उभा होता. आपल्याकडेही दोन गावांच्या जत्रा एकाच दिवशी असल्या की पैलवानाचा इनाम वाढतो.

माझे वडील एका जत्रेत गुडघा मोडून घेऊन आले होते. कुस्ती सुटली नाही म्हणून कमिटीने ठरलेल्या इनामाच्या निम्मा हातावर ठेवला, वर नारळ दिला, आणि बैलगाडीतून एसटी स्टँडवर आणून सोडलं. पुढे कोणी विचारपूस केली नाही. तेव्हा दोन्ही बाजू नकोत म्हणालात ना, तर मी पडलेल्याच्या बाजूची आहे. कंपनी कोणतीही असो.

प्रश्न : मी दहावीत आहे. मला रिया रिप्ली खूप आवडते. घरात सगळे म्हणतात, मुलींच्या लढती म्हणजे मधल्या वेळेचं पाणी. हे खरं आहे का? — बार्शी

अगदी खोटं आहे, बाळ. पण घरच्यांना ते का वाटतं तेही समजून घे. ते बघत होते तेव्हा कंपनी बायकांना पैलवान म्हणत नव्हती, 'दिवा' म्हणत होती, आणि पट्ट्यावर फुलपाखरू होतं. २०१५ च्या फेब्रुवारीत चौघींची एक लढत अर्ध्या मिनिटात उरकली. प्रेक्षक इतके चिडले की मुलींना संधी द्या, ही मागणी ट्विटरवर दिवसरात्र फिरत राहिली. २०१६ च्या रेसलमेनियात, म्हणजे कंपनीच्या वर्षातल्या सर्वांत मोठ्या कार्यक्रमात, तो शब्द आणि ते फुलपाखरू दोन्ही गेले. ७ एप्रिल २०१९ ला बेकी लिंच, शार्लट फ्लेअर आणि रोंडा राउझी यांची लढत रेसलमेनियाची शेवटची, म्हणजे मानाची लढत झाली. तसं आधी कधी झालं नव्हतं.

तू रिप्लीची चाहती आहेस, तर २०२५ च्या रेसलमेनियातली तिची, बियांका बेलेअरची आणि इयो स्कायची तिहेरी लढत घरच्यांना दाखव. जिंकली इयो स्काय. त्या दोन दिवसांतली मला सर्वांत आवडलेली लढत तीच. इयो जपानहून आली आहे आणि त्या देशात बायकांची कुस्ती अमेरिकेच्या कितीतरी पुढे होती. १९८० च्या दशकात चिगुसा नागायो आणि लायनेस असुका या जोडीसाठी तुझ्याएवढ्या मुली शाळेतून सुटून थेट स्टेडियमवर धावायच्या आणि हरल्या की हमसून रडायच्या.

एक गोष्ट तुला माहीत असावी. २०१८ मध्ये कंपनीने सौदी अरेबियात मोठा कार्यक्रम केला, त्यात एकाही स्त्रीला लढू दिलं नाही. पहिली लढत ३१ ऑक्टोबर २०१९ ला रियाधमध्ये झाली, नताल्या आणि लेसी एव्हान्स यांची, गळ्यापासून पायापर्यंत अंग झाकून. लढत संपल्यावर दोघींनी एकमेकींना मिठी मारली. निकाल ठरलेला होता, मिठीतलं रडू ठरलेलं नव्हतं.

प्रश्न : सीनाला शेवटच्या लढतीत हार मानायला लावली! बावीस-तेवीस वर्षं ज्याने 'कधीच हार मानू नका' शिकवलं त्याचा हा अपमान नाही का? त्या दिवसापासून मी बघणं सोडलंय. — नाशिक

दादा, १३ डिसेंबर २०२५ ला वॉशिंग्टनमध्ये गुंथरने गळ्याला हाताचा विळखा घातला आणि सीनाने हात आपटला तेव्हा मीही खुर्चीत सुन्न बसले. सभागृहात कंपनीच्या कथा ठरवणाऱ्या ट्रिपल एचची हुर्यो उडाली ती तुम्ही ऐकली असेल. पण मी तुमच्याशी सहमत नाही.

या धंद्यात एक जुना रिवाज आहे. जाणाऱ्याने पाठ टेकवून जायचं. आपण वर्षानुवर्षं कमावलेलं नाव जाता जाता पुढच्याच्या अंगावर टाकायचं, म्हणजे उद्या तिकीट त्याच्या नावावर खपेल. गुंथर काही फुकट मोठा झालेला नाही. तो ऑस्ट्रियाचा, युरोपातल्या छोट्या रिंगणांत घडलेला, आणि ६६६ दिवस इंटरकॉन्टिनेन्टल विजेता होता. त्याचा छातीवरचा पंजा लागला की दुसऱ्या दिवशी तिथे बोटं मोजता येतात. रिवाज सगळेच पाळतात असं नाही, स्टिंग जिंकून गेला आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण हात आपटण्याआधी सीना हसला, ते पाहिलंत? मला त्यात अपमान दिसला नाही. वस्ताद आपला लंगोट खुंटीला टांगताना जसा पोरांकडे बघतो, तसं ते होतं.

माझी तक्रार वेगळी आहे. १ मार्च २०२५ ला टोरांटोमध्ये सीना खलनायक झाला, रॉकच्या, म्हणजे सिनेमात गेलेल्या ड्वेन जॉन्सनच्या, इशाऱ्यावर कोडीला मारलं, अख्ख्या जगाने तोंडात बोट घातलं. आणि पुढे? रॉक रेसलमेनियात फिरकलाच नाही. सीना सतरावं विजेतेपद जिंकला, तेही फिक्या लढतीत. वीस वर्षं वाट पाहिलेलं वळण आलं आणि लिहिणाऱ्यांनी ते वाया घालवलं. ऑगस्टपर्यंत तो गुपचूप पुन्हा भला माणूस झाला. शेवटच्या वर्षातले ते पाच महिने परत मिळणार नाहीत, आणि त्याचं मला शेवटच्या हारेपेक्षा जास्त दुःख आहे.

बघणं सोडू नका. निदान मेक-अ-विशसाठी त्याने ६५० पेक्षा जास्त आजारी मुलांची इच्छा पुरी केली आहे, त्या भेटींची छोटी चित्रणं बघा. त्यात काहीच ठरवून लिहिलेलं नाही.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. तिकिटांचे भाव बघून मुलांना नेणं सोडलं. २०२७ ची रेसलमेनिया तर रियाधला. ही कंपनी आता कोणासाठी आहे? — एडिसन

ताई, २०२३ च्या सप्टेंबरात यूएफसी ही खऱ्या मारामारीच्या लढती भरवणारी कंपनी आणि डब्ल्यूडब्ल्यूई मिळून टीकेओ ही कंपनी झाली तेव्हापासून ती आधी भागधारकांसाठी आहे, असंच मला दिसतं. अमेरिकेत दर आठवड्याचा रॉ नेटफ्लिक्सवर, मोठे कार्यक्रम ईएसपीएनवर. दोन वर्गण्या भरून वर तिकीट. मुलांना खरंच न्यायचं असेल तर तुमच्या भागात छोट्या कंपन्यांचे खेळ शाळांत आणि सामाजिक सभागृहांत होतात, तिथे न्या. पहिल्या रांगेत बसा. बंपचा आवाज तिथे जसा ऐकू येतो तसा साठ हजारांच्या मैदानात येत नाही.

प्रश्न : माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे, तालमीत जातो. बारावी सोडून जालंधरला द ग्रेट खलीच्या अकादमीत जायचं म्हणतो. रडून सांगितलं, ऐकत नाही. काय करू? — एक आई, सातारा जिल्हा

वहिनी, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्याला वेडा म्हणू नका. खली हिमाचलच्या खेड्यातून निघून २००७ मध्ये जगज्जेता झाला, हे खरं घडलेलं आहे. त्याला मात्र बाकीचंही सांगा. जिंदर महल २०१७ च्या मे महिन्यात रँडी ऑर्टनला हरवून विजेता झाला, १७० दिवस पट्टा त्याच्याकडे होता. पण तो कॅनडात जन्मलेला, तिथेच तयार झालेला, आणि २०१४ मध्ये एकदा काढून टाकलेला. आपल्याकडून गेलेले रिंकू सिंग, म्हणजे वीर महान, आणि सौरव गुर्जर, म्हणजे सांगा, दोघे वर्षानुवर्षं कंपनीच्या ऑरलँडोच्या प्रशिक्षण केंद्रात घाम गाळत होते. २०२३ च्या सप्टेंबरात हैदराबादेत स्वतःच्या लोकांपुढे मिरवले. २०२४ च्या एप्रिलात जिंदरसकट तिघांनाही कंपनीने सोडलं.

चांगला पैलवान असला की काम भागतं, असंही त्याला वाटत असेल. कर्ट अँगल अटलांटा ऑलिंपिकचं सुवर्ण घेऊन आला आणि या धंद्यातला थोर कलावंत झाला. गेबल स्टीव्हसन टोकियोचं सुवर्ण घेऊन आला आणि त्याचं जमलं नाही. कारण इथे माइक हातात घेऊन वीस हजार माणसांना तीन मिनिटं धरून ठेवावं लागतं. तुमचा मुलगा गणपतीत नाटकात काम करतो का? वक्तृत्वात उभा राहतो का? तालमीबरोबर तेही सुरू करायला सांगा. इंग्रजी आणि हिंदी दोन्ही बोलता आलं पाहिजे. हे सगळं बारावी करता करता होतं.

आणि सर्वांत आधी मान. २०२२ च्या मार्चमध्ये बिग ई नावाचा गडी रिंगणाबाहेर डोक्यावर पडला आणि मानेचा पहिला मणका मोडला. पाय-हात चालतात हे त्याचं नशीब. त्यानंतर तो लढू शकलेला नाही. जपानचा मित्सुहारू मिसावा स्वतःच्या कंपनीचा अध्यक्ष होता. वर्षानुवर्षं मानेवर झेललेल्या माराने शरीर आतून संपलेलं, तरी २००९ च्या जूनमध्ये हिरोशिमात तो लढायला उतरला आणि पाठीमागे फेकल्यावर उठलाच नाही. वय ४६. मला त्याचा खेळ अतिशय आवडायचा. म्हणून मी हे घाबरवायला सांगत नाही, जपायला सांगते.

तुमच्या मुलाला तालमीत ब्रिज करताना हाताला मुंग्या येतात का, बोटं बधिर होतात का, एका बाजूला मान वळवताना खांद्यात कळ जाते का, एवढं विचारा. आईला पोरं खरं सांगत नाहीत, त्याच्या वस्तादांकरवी विचारा. तिन्हीपैकी एकही असेल तर जालंधर सोडाच, आजपासून मानेचे डाव बंद. परीक्षा झाली की त्याला घेऊन कोल्हापूरला या. आधी कधी मानेचा एक्स-रे काढला असेल तर तो सोबत आणा. तपासायला तासभर लागेल, त्याचे पैसे मी घेणार नाही.